दयाळ गप्प का झाला, आणि कॅनरीला थेंब द्यावेत का?

प्रतापनगरच्या एका ताईंनी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात विचारलं आहे: "आमच्या अंगणातल्या आंब्यावर दयाळ मार्चपासून जुलैपर्यंत पहाटे इतका सुंदर गातो, आणि पोळा जवळ आला की मुका होतो. आता नुसती चर्रचर्र करतो. मुलाने हौसेने कॅनरी आणला. एप्रिलमध्ये घरी आला तेव्हा दिवसभर गायचा, तोही ऑगस्टपासून गप्प आहे. पिंजरा हॉलमध्ये टीव्हीशेजारी असतो. दुकानदार म्हणतो, हार्मोनचे थेंब पाण्यात टाका, आठ दिवसांत गायला लागेल. टाकावेत का? आणि पक्षी गाणं विसरतात का हो? एवढ्याशा डोक्यात ते राहतं तरी कुठे?"

ताई, थेंब टाकू नका. टाकले असतील तर आजच ते पाणी बदला. तुमच्या कॅनरीला काय हवंय ते मी पुढे सांगतेच, पण त्याआधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे वळते. तो नीट उलगडला की थेंबांचं उत्तर आपोआप मिळतं.

पक्ष्यांची हार्मोन्स हा माझ्या आयुष्यभराचा विषय. नागपुरातच प्राणिशास्त्र शिकवण्यात पस्तीस वर्षं गेली. दरवर्षी बी. एस्सी.च्या मुलांना मी झीब्रा फिंच या इवल्या गाणाऱ्या पक्ष्याच्या मेंदूच्या दोन स्लाइड्स दाखवायचे, एक नराची आणि एक मादीची. त्या पक्ष्याचा अख्खा मेंदू अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. त्याचा पातळ काप जांभळ्या रंगात रंगवलेला. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या आधी मी मुलांना सांगायचे, खिडकीशी जा आणि स्लाइड नुसती उजेडात धरा. नराच्या कापात मागच्या बाजूला एक गोल, गडद ठिपका उघड्या डोळ्यांना दिसतो, मोहरीच्या दाण्याहून लहान. मादीच्या कापात तो शोधावा लागतो, भिंगाखालीसुद्धा चटकन सापडत नाही. या ठिपक्याचं नाव आरए. त्याच्या वरच्या अंगाला एचव्हीसी नावाचं दुसरं केंद्र असतं. एचव्हीसी आरएला हुकूम देतं, आरए मेंदूच्या देठातल्या पेशींना देतं आणि तिथून गळ्याच्या स्नायूंना. पक्ष्याचं स्वरयंत्र आपल्यासारखं घशात वर नसतं, श्वासनलिका जिथे दुभंगते तिथे खाली छातीत असतं. त्याला सिरिंक्स म्हणतात. गाणं राहतं ते या साखळीत. ते शिकण्यासाठी बाजूला आणखी एक वेटोळं असतं.

नर आणि मादी यांच्या मेंदूतला हा फरक १९७६ साली फर्नांडो नोटेबोम आणि आर्थर आर्नोल्ड यांनी न्यूयॉर्कमध्ये दाखवला, कॅनरी आणि झीब्रा फिंच या दोन्ही पक्ष्यांत. तोवर पाठीचा कणा असलेल्या कुठल्याही प्राण्याच्या मेंदूत असा ढळढळीत फरक कुणी दाखवला नव्हता. पाच वर्षांनी, १९८१ मध्ये, नोटेबोम यांनी जे दाखवलं ते मला आजही त्याहून थक्क करतं. एकाच जातीच्या प्रौढ नर कॅनरींची ही केंद्रं त्यांनी वसंतात आणि शरदात मोजली. वसंतातला एचव्हीसी शरदातल्याच्या जवळजवळ दुप्पट भरला, आणि आरए पाऊणपटीने मोठा. म्हणजे गाण्याचा हंगाम संपला की मेंदूतली गाण्याची जागा आटते, आणि पुढच्या हंगामाआधी पुन्हा भरते. आपल्या तलावांचं होतं तसंच.

१९८३ मध्ये नोटेबोम आणि स्टीव्हन गोल्डमन यांनी याचं मूळ शोधलं. प्रौढ कॅनरीला त्यांनी किरणोत्सारी खूण लावलेलं थायमिडीन टोचलं. नवी पेशी जन्मताना ते स्वतःच्या डीएनएत ओढून घेते, त्यामुळे पुढे कापात ती ओळखू येते. एचव्हीसीमध्ये अशा खुणेच्या मज्जापेशी सापडल्या. मोठ्या झालेल्या प्राण्याच्या मेंदूत नव्या मज्जापेशी तयार होत नाहीत, असं आम्ही परीक्षेत लिहीत आलो होतो. साठच्या दशकात उंदरांत तसे पुरावे मिळाले होते, पण कुणी फारसं मनावर घेतलं नव्हतं. एका पिंजऱ्यातल्या पक्ष्यामुळे ती समजूत मोडली.

तर तुमचा प्रश्न, पक्षी गाणं विसरतात का. कॅनरीचं म्हणाल तर थोडंफार विसरतात, आणि नवं शिकतात. उन्हाळा सरताना एचव्हीसीतल्या काही पेशी मरतात, शरदात त्यांच्या जागी नव्या येतात. त्याच काळात कॅनरीचं गाणं विस्कळीत होतं, जुन्या काही हरकती गळतात, नव्या जोडल्या जातात, आणि वसंतात गाणं पुन्हा पक्कं होतं. सगळ्याच पक्ष्यांचं असं नसतं. झीब्रा फिंच एकदा जे शिकतो तेच जन्मभर गातो.

आता हा मेंदू कुणाच्या सांगण्यावरून भरतो आणि आटतो? इथे हार्मोन येतं, पण ते मधल्या टप्प्यावर. सुरुवात होते आकाशापासून. दिवस मोठा होऊ लागला की पक्ष्याच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागाला ते कळतं. तिथून पिट्युटरी ग्रंथीला निरोप जातो, पिट्युटरीकडून वृषणांना. ती मोहरीएवढी असतात ती वाटाण्याएवढी होतात, काही पक्ष्यांत तर शेकडो पट वाढतात, आणि टेस्टोस्टेरॉन हे नराचं हार्मोन रक्तात उतरतं. ते एचव्हीसी आणि आरएच्या पेशींवर जाऊन बसतं. त्यातलं काही मेंदूतच अॅरोमाटेज नावाच्या एन्झाइममुळे इस्ट्रोजेनमध्ये बदलतं. आपण ज्याला मादीचं हार्मोन म्हणतो ते नराच्या मेंदूत गाण्यासाठी लागतं. हे ऐकून मुलं दरवर्षी चकित व्हायची.

दिवस मोठा झाला हे पक्ष्याला कशाने कळतं? डोळ्यांनी, असं कुणीही म्हणेल. मायकेल मेनाकर यांनी १९७० मध्ये आपल्या घरात येते त्याच चिमणीवर हे तपासलं. काही चिमण्यांच्या डोक्यावरची पिसं त्यांनी उपटली आणि काहींच्या टाळूच्या कातडीखाली काळी शाई भरली. डोळे सगळ्यांचे उघडे आणि शाबूत होते. मंद उजेडाचे मोठे दिवस दाखवल्यावर पिसं काढलेल्यांची वृषणं वाढली, शाई भरलेल्यांची वाढली नाहीत. म्हणजे ऋतू ओळखायला प्रकाश थेट कवटीतून आत झिरपतो आणि मेंदूच्या खोल भागातल्या पेशी तो टिपतात. ताई, हे लक्षात ठेवा. तुमच्या कॅनरीचं निदान इथेच आहे.

एक शंका तुमच्या मनात येईल, यायलाच हवी. नागपुरात दिवस लहान-मोठा होतो तरी किती? २१ जूनचा दिवस साधारण १३ तास २५ मिनिटांचा, २२ डिसेंबरचा १० तास ५० मिनिटांचा. अडीच तासांचा फरक. न्यूयॉर्कमध्ये तो सहा तासांच्या जवळ जातो. आणि आपल्याकडे १५ ऑगस्टचा दिवस १५ फेब्रुवारीच्या दिवसापेक्षा सव्वा तासाहून जास्त मोठा असतो. मग दयाळ फेब्रुवारी-मार्चमध्ये सूर लावतो आणि ऑगस्टमध्ये गप्प कसा?

कारण मोठ्या दिवसांचा परिणाम कायम टिकत नाही. कित्येक आठवडे मोठे दिवस पाहिल्यावर मेंदू त्यांना प्रतिसाद देणंच थांबवतो. उजेड तेवढाच असतो, पण निरोप पुढे जात नाही. वृषणं आकसतात, टेस्टोस्टेरॉन उतरतं, गाणं थांबतं आणि पिसं झडून नवी येऊ लागतात. पिलं वाढवून झाल्यावर, थंडीच्या आधी नवा पिसारा हवा म्हणून निसर्गाने लावलेला हा विराम आहे. तो उठवायचा एकच मार्ग: लहान दिवस. कित्येक आठवडे लांब, काळोख्या रात्री मिळाल्या की मेंदू पुन्हा मोठ्या दिवसांना दाद देऊ लागतो.

आता तुमचा हॉल डोळ्यांपुढे आणा. ट्यूबलाइट, टीव्ही, मुलाचा अभ्यास, रात्रीचे साडेअकरा-बारा. सकाळी सहाला पुन्हा उजेड. तुमच्या कॅनरीच्या लेखी बाराही महिने सतरा-अठरा तासांचा दिवस चालू आहे. त्याचा डिसेंबर कधी येतच नाही. विराम सुरू झाला आणि तो उठवणारी रात्र त्याला मिळाली नाही. एप्रिलमध्ये तो गात होता, कारण तुमच्या घरी येण्याआधी जिथे होता तिथे त्याला हिवाळा मिळाला असणार.

म्हणून हे करा. आजपासून पिंजरा हॉलमधून काढा. ज्या खोलीत दिवसा खिडकीतून उजेड येतो आणि संध्याकाळनंतर कुणी दिवा लावत नाही, तिथे ठेवा. तशी खोली नसेल तर संध्याकाळी सहाला पिंजऱ्यावर जाड सुती कापड टाका, हवा खेळती राहील असं, आणि सकाळी साडेसहाला काढा. एकही दिवस चुकवू नका. पिसं झडत असतील तर उकडलेल्या अंड्याचा छोटा तुकडा, धुतलेली मेथी किंवा पालक, आणि दुपारी अंघोळीला उथळ वाटीत पाणी द्या. नवं पीस बनायला प्रथिनं लागतात. दीड-दोन महिने धीर धरा. जानेवारी संपताना दिवस वाढू लागले की कापड थोडं उशिरा टाका, बाहेरच्या सूर्याशी जुळवून.

थेंबांबद्दल मी इतकी ठाम का, तेही ऐका. टेस्टोस्टेरॉन दिल्यावर पक्षी गाईल का? कदाचित गाईल. ते दिलं की कॅनरीची मादीसुद्धा गाते, हे १९३९ पासून माहीत आहे. १९८० मध्ये नोटेबोम यांनी दाखवलं की त्या माद्यांचा एचव्हीसी आणि आरएही वाढतो. याचाच गैरफायदा घेतला जातो. माझ्या ओळखीच्या एका घरी असा 'नर' आला होता. काही आठवडे गायला, मग गप्प झाला, आणि एका सकाळी पिंजऱ्यात अंडं. घरातली लहान मुलगी आनंदाने नाचली, पण त्या मादीच्या शरीराचे काय हाल झाले असतील, या विचाराने मला दिवसभर चैन पडलं नाही. नरालाही हे औषध निरुपद्रवी नाही. पिसं झडत असताना टेस्टोस्टेरॉन दिलं की ती प्रक्रिया अडते. आणि पक्षी कोवळा असेल तर त्याहून वाईट. १९९१ मधला प्रयोग आहे: झीब्रा फिंचच्या लहान नरांना शिकण्याच्या काळात टेस्टोस्टेरॉन दिलं, तर त्यांचं गाणं अर्धंमुर्धं राहिलं. शिकायच्या आधीच मेंदू पक्का झाला. शिवाय पाण्यातल्या थेंबांत मात्रा किती आणि पक्ष्याने पाणी किती प्यायलं, याचा काहीच ताळमेळ नसतो. वीस ग्रॅमचा जीव आहे तो.

मुळात गाणं हे हार्मोनने बाहेर ओढायची वस्तू नाही. टेस्टोस्टेरॉन फक्त दार उघडतं, आत काय आहे ते पक्षी काय ऐकत वाढला त्यावर ठरतं. पीटर मार्लर यांनी कॅलिफोर्नियात पांढऱ्या पट्ट्याच्या डोक्याच्या स्पॅरोंवर काम केलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास थोड्या अंतरावर त्यांची बोली बदलते, आपल्याकडे वर्धा ओलांडून अमरावतीकडे गेलं की मराठीचा हेल बदलतो तशी. वयाच्या साधारण १० ते ५० दिवसांत पिल्लू जी बोली ऐकतं तीच पुढे गातं. त्या काळात एकटं ठेवलं तर ते मोठेपणी गातं खरं, पण त्यात सुबकपणा नसतो. मार्क कोनिशी यांनी १९६५ मध्ये दाखवलं की पिल्लाला बहिरं केलं तर तेवढंही उरत नाही. स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू आला तरच गाणं घडतं. घरट्यात उपाशी राहिलेल्या पिल्लांचा एचव्हीसी पुढेही लहानच राहतो, हेही काही प्रयोगांत दिसलंय.

उलटी वाटही आहे, आणि ती मला सगळ्यात आवडते. गाण्यामुळेच मेंदू वाढतो. टेस्टोस्टेरॉनने एचव्हीसीत बीडीएनएफ नावाचं एक प्रथिन वाढतं, आणि त्याच्या आधारावर नव्या पेशी तग धरतात. पण नुसतं गायल्यानेही ते वाढतं. जो कॅनरी जास्त गातो त्याच्या एचव्हीसीत नव्या पेशी जास्त टिकतात. संगतीचंही तसंच. एकटा किंवा जोडीने ठेवलेल्या झीब्रा फिंचपेक्षा थव्यात राहणाऱ्याच्या मेंदूत नव्या मज्जापेशी जास्त उरतात. आणि मादी कॅनरीला भरगच्च गाणं ऐकवलं तर ती घरटं लवकर बांधते आणि अंडी जास्त घालते, हे डोनाल्ड क्रूड्समा यांनी १९७६ मध्ये दाखवलं. एकाचा आवाज दुसऱ्याचं हार्मोन हलवतो. म्हणून तुमच्या मुलाला सांगा, रोज सकाळी दहा मिनिटं पिंजऱ्याजवळ बसून शीळ घाल. त्याला थेंबांपेक्षा ते कितीतरी जास्त मानवेल.

सगळंच हार्मोन आणि परिस्थिती, असंही समजू नका. २००३ मध्ये आर्नोल्ड यांच्या गटाला एक झीब्रा फिंच मिळाला, शब्दशः अर्धनारीनटेश्वर. एका बाजूला नराचा पिसारा, दुसऱ्या बाजूला मादीचा. दोन्ही बाजूंना रक्त एकच, म्हणजे हार्मोनही तेच. तरी नराच्या बाजूचा एचव्हीसी मोठा होता. पेशीच्या आतली जनुकंही बोलतात. तसंच, 'गातो तो नर' हा कॅनरी आणि फिंचवरून काढलेला नियम जगभर लागू नाही. मध्य अमेरिकेतल्या काही रेन पक्ष्यांत नर-मादी जोडीने गातात, आणि तिथे मादीचा एचव्हीसी नराच्या तोडीचा असतो.

जाता जाता, एक गैरसमज नेहमी आढळतो. कोकीळ हा शास्त्राच्या भाषेत गाणारा पक्षी नव्हे. तो कावळ्याच्या घरट्यात वाढतो आणि तरी कुहूच करतो, कारण त्याला ते शिकावं लागत नाही. ज्या कावळ्याला आपण हाकलतो तो मात्र दयाळ, बुलबुल, शिंजीर यांच्याच गटातला.

ऋतूचं घड्याळ सगळ्यांचं एकसारखं नसतं. सुगरणी आणि ठिपकेदार मुनिया आपल्याकडे पावसाळ्यात घरटी करतात, दयाळ थकत आलेला असतो तेव्हा. बाभळीवर, विहिरीच्या काठच्या शिंदीवर विणायला हिरवं, ओलं पातं हवं, पिलांना किडे हवेत, आणि ते आपल्याकडे मृगानंतर मिळतात. दिवसाची लांबी ढोबळ वेळ सांगते. पाऊस, हिरवळ, अन्न आणि शेजारी तो क्षण ठरवतात. (मुनिया दुकानात विकायला दिसली तर घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली ती पकडणं आणि विकणं गुन्हा आहे.)

राहिला तुमच्या आंब्यावरचा दयाळ. त्याची काळजी करू नका, त्याची चर्रचर्र ही हद्द राखण्याची बोली आहे. काळजी मला दुसऱ्याच गोष्टीची वाटते. गेली काही वर्षं वर्धा रोडच्या आणि धरमपेठेच्या बाजूने मला लोक सांगतात की दयाळ रात्री दोन-तीनला गातो. आनंदाने सांगतात. म्युनिकच्या परिसरातल्या काळ्या कस्तुरांवर दाविदे दोमिनोनी यांनी २०१३ मध्ये प्रयोग प्रसिद्ध केला. रात्री फक्त ०.३ लक्स उजेड, पौर्णिमेच्या चांदण्याच्या तोडीचा. तेवढ्याने त्यांची वृषणं जवळजवळ महिनाभर आधी वाढली आणि पिसंही लवकर झडली. तोच उजेड दुसऱ्या वर्षीही चालू ठेवला, तेव्हा वृषणं वाढलीच नाहीत. तुमच्या हॉलमध्ये कॅनरीचं जे झालं त्याच्याशी हे ताडून पाहा. रात्रीच्या गाण्याला दिवसाचा गोंगाटही कारण असतो. इंग्लंडमध्ये शेफील्ड शहरात रॉबिन रात्री जास्त गाताना आढळले ते दिवसा गोंगाट असलेल्या जागी. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात गोंगाटातले ग्रेट टिट वरच्या पट्टीत गातात. आणि पहाटे आपला दयाळ विजेच्या तारेवर बसून ट्रकच्या हॉर्नशी झगडताना मी ऐकते, तेव्हा त्या इवल्या छातीचं मला वाईट वाटतं.

तुमच्या गच्चीवर किंवा फाटकावर आंब्याकडे तोंड करून दिवा असेल, तर त्याचं तोंड खाली करा, वर पत्र्याची टोपी बसवा, आणि झोपायला जाताना बंद करा. सोसायटीचा फ्लडलाइट असेल तर सभेत बोला. मी आमच्याकडे बोलले. पहिल्या खेपेला कुणी ऐकलं नाही, तिसऱ्या खेपेला टायमर बसला.

आणि एक वही करा. जानेवारीच्या मध्यापासून रोज पहाटे आंब्याखाली पाच मिनिटं उभ्या राहा, मुलालाही घ्या. पहिलं गाणं वरच्या शेंड्यावरून येणार नाही. दयाळ मधल्या दाट फांदीत, चोच जेमतेम उघडून, स्वतःशीच पुटपुटेल. तुटक आणि बेसूर, मधेच थांबून. घरात कॅनरीही तेव्हाच, कापड काढल्यावर, गळा फुगवून तसंच काहीतरी करू लागेल. त्या दिवशी पिंजरा हलवू नका, मोबाइलवर दुसऱ्या कॅनरीचं गाणं लावू नका, त्याला त्याचं काम करू द्या. वहीत फक्त तारीख लिहा आणि मला कळवा.